सुतकातली साखर

भोईवाडा, गुरुवार, रात्र. १९५७.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला आज गेलोच नाही. खालून आरोळ्या ऐकू येत होत्या, पण पाय निघेना.

शेजारच्या शेवंताबाईचा अजून दहावाही झाला नाही. बिचारी सूतिकागृहात आया होती. तिची जागा आता तिच्या शांतेला मिळाली. तिथल्या साहेबांनी दया केली, पण उद्याच हजर व्हायला सांगितलं. धाकट्या भावंडांच्या पोटाची सोय झाली, मग वाईट कसं म्हणू? आणि चांगलं तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मी आपला वाटीत साखर घेऊन गेलो. दारातच चाळीतल्या गंगूबाईंनी अडवलं. "सुतकात साखर? तात्या, म्हातारचळ लागला काय?"

"पोरीला नोकरी लागली, तोंड गोड नको करायला?"

शांता आईचं निळ्या काठाचं लुगडं घडी करत होती, उद्या नेसायला. साखर तळहातावर घेतली, पण खाईना. म्हणाली, "तात्या, पहिली साखर आईच्या हातावर ठेवायची असते ना?"



शेवंताबाईनं जिथं जीव सोडला, त्या कोपऱ्यात पिठावर दिवा तेवतोय; गेलेला जीव कुठल्या रूपानं परत येतो, ते त्या पिठावरच्या पावलांत दिसतं म्हणतात. पोरीनं साखर तिथं नेऊन ठेवली.

दिवेलागणीला पुन्हा डोकावलो, तर साखरेला मुंग्या लागलेल्या. गंगूबाई फडकं घेऊन उठल्या. शांतेनं त्यांचा हात धरला.

"असू दे मावशी. खाऊ दे तिला."

गंगूबाई फडकं तोंडाला लावून खाली बसल्या.

माझी वाटी तिथंच राहिली. आणायला जायचा धीर होत नाही.