आईचा शिंपल्याचा ब्रोच

२० सप्टेंबर, शनिवार

आमच्या सूनबाईनं, मोनिकाने, माझ्या आईचा ब्रोच चिंचेच्या पाण्यात टाकला! परवा घट बसणार म्हणून देव, समया, ताम्हण भिजत घातले होते, त्यांतच हाही. म्हणते, "मळला होता आई, चिंचेनं सगळं निघतं." अगं, शिंपला आहे तो, पितळ नव्हे!

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला शिंपल्यांची फुलं करायला शिकवायच्या. आंबट लागलं की शिंपल्याची चमक कायमची जाते, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. माझ्या लग्नात आईनं हा रुमालात गुंडाळून हातात दिला होता. पोरीला काय बोलणार? पण जेवण गेलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

धीर करून पाहिला. काही झालेलं नाही! उलट लखलखतोय. देवापुढे साखर ठेवली.

मग साखर ठेवतानाच लक्षात आलं — काही कसं झालं नाही?

गालाला लावला. खरा शिंपला गार लागतो. हा लागला नाही. सुई तापवून मागून टोचली. प्लास्टिक जळाल्याचा वास आला.

माझ्या कपाटाला मी आणि मोनिका सोडून कुणी हात लावत नाही. तिला विचारलं, "हा कधी बाहेर कुणाकडे दिला होतास का?" पांढरी पडली. "एकदा सोनाराकडे पॉलिशला," म्हणाली आणि आत जायला निघाली. मी म्हटलं, "मग पुढचंही सांग की. खरा कुठंय?"

"तुम्ही मला चोर म्हणताय, आई."

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं ती तिसगावला माहेरी गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट एकटीनं बसवला. माझा लेक हर्षल घटाला नमस्कारही न करता समोरून निघून गेला.

२४ सप्टेंबर, बुधवार

पुणतांब्याला आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, फोन केला. मन मोकळं करायला, दुसरं काही नाही. सगळं ऐकून आक्का म्हणाली,

"सरू, खरा माझ्याकडे आहे."

मला वाटलं, थट्टा करतेय.

"तू हॉस्टेलमधून दर सुट्टीला काहीतरी हरवून यायचीस. छत्री काय, चप्पल काय, एकदा तर सगळी ट्रंकच एस.टी.त! आई म्हणाली, हिला जत्रेतला देऊ, तसाच दिसतो. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. म्हणून मी कधी लावलाच नाही."

आई. माझी आई. आयुष्यभर तो पदराला लावून मी मिरवले. आक्का विचारत होती, "पाठवू का?" मी फोन ठेवून दिला.

मोनिका आठवली तेव्हा मात्र उठले आणि तिसगावच्या सकाळच्या एस.टी.ची वेळ पाहिली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तिसगावला जाऊन आले. तिच्या आईसमोरच हात जोडले. मोनिकाने ते धरून खाली केले. म्हणाली, "आमच्या लग्नाच्या वर्षीच सोनारानं सांगितलं होतं मला, प्लास्टिक आहे म्हणून. तुम्ही एवढ्या हौसेनं लावायच्या. कसं सांगणार होते?"