अप्पांचा श्रावण आणि माझं अ‍ॅप

अप्पा, तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली आणि मी आज तुमच्याकडे मोबाइलची तक्रार घेऊन बसलोय. गेल्या उन्हाळ्यात माझ्या छातीत कळ आली. लातूरच्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला आणि सांगितलं, सिगारेट चालू राहिली तर पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत आणायलाही सवड मिळणार नाही. तुमची नात पुण्याला नोकरी करते. ती चार दिवस रजा काढून आली आणि जाताना माझ्या फोनमध्ये सिगारेट सोडवणारं अ‍ॅप टाकून गेली. ते रोज संध्याकाळी सातला विचारतं, ‘आज धूम्रपान केलंत का?’ ‘नाही’ दाबलं की दिवसांचा आकडा एकाने वाढतो, आणि तो तिच्याही फोनवर दिसतो. तलफ आली की एक निळं वर्तुळ फुगतं, आक्रसतं, त्याच्याबरोबर आपण श्वास घ्यायचा. आठवड्याने ‘तुमची फुफ्फुसे आनंदी आहेत’ असंही कळवतं. माझी फुफ्फुसं माझ्याशी कधी बोलली नाहीत, त्याच्याशी बरी बोलतात.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, कोणाकडे बघून सोडणार? मी ‘अप्पा’ असं लिहिलं. पोरगी बघतच राहिली. "आजोबा तर बिडीनेच गेले ना, बाबा?" मग तिला तुमचा श्रावण सांगितला. सकाळ आहे, तुम्ही आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून निलंग्याच्या घरात स्वयंपाकघरात येता आणि बंडल, काडेपेटी अव्वाच्या, म्हणजे पोरीच्या आजीच्या, हातात देता. ती ते फळीवर ज्वारीच्या डब्यामागे सारते. महिनाभर तुम्ही त्या फळीकडे बघत नाही. बारदानाच्या दुकानात गिऱ्हाईक तोंडासमोर धूर सोडतं, तुम्ही पोती रचत राहता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र चहा पिता पिता हात पुढे करता, "आन गं ते." मला त्या हाताचा अजून राग येतो, अप्पा. तीस दिवस जमत होतं तर एकतिसावा का नाही? दरवर्षी जमतं म्हणून तुम्हालाही वाटत राहिलं आणि आम्हालाही, की मनात येईल तेव्हा सुटेल. शेवटी खोकून खोकून भाकरीचा घास उतरेना, तेव्हाही तुम्ही म्हणालात, "श्रावण येऊ दे."

पोरीला मात्र ते तीस दिवस फार आवडले. आजोबांनी अ‍ॅपशिवाय जमवलं, असं ती मैत्रिणींना सांगते. आणि मी? अकराव्या दिवशी रेणापूरच्या ऑफिसातून सुटलो, एसटीला वेळ होता, टपरीच्या मागे जाऊन एक ओढली. संध्याकाळी ‘नाही’ दाबलं. लगेच तिचा फोन, "बाबा, अकरा!" तिच्या आवाजात एवढा आनंद होता की खरं बोलायचं राहूनच गेलं. मग रोजच राहत गेलं. काल आकडा चौसष्टवर गेला. त्यातले खरे दहा. सोमवारी डॉक्टरांकडे ती स्वतः येणार आहे, हा आकडा दाखवून गोळ्या कमी होतील का ते विचारायला.

तिला मी तुमचा श्रावण अर्धाच सांगितलाय. मी दहावीत होतो ते वर्ष गाळलं. दुपारी शाळेतून आलो तर तुम्ही दुकान तसंच उघडं टाकून घरी आलेले, अव्वासमोर उभे. "नेम मोडला म्या. सकाळी एक वढली." अव्वाचे हात पिठात होते. "आता पयल्यापासनं धर," तुम्ही म्हणालात. मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "कुणी बघितलं व्हतं का? मग सांगायचं कशाला?" तुम्ही एरवी कधी आवाज चढवत नसायचात. त्या दिवशी माझ्यावर केवढ्यांदा ओरडलात, "मी व्हतो की तिथं!" त्या वर्षी पोळा झाला, गणपती बसले, उठायची वेळ आली, तरी तुम्ही बंडल मागितलं नाही. मला तेव्हा तुम्ही जरा भोळेच वाटला होतात.

आता मी थकलोय, अप्पा. सिगारेटने दमलो नाही एवढा त्या ‘नाही’ने दमलो. म्हणून आज ‘हो’ दाबलं. चौसष्टचं शून्य झालं. अ‍ॅप रागावलं नाही, फक्त ‘किती?’ म्हणून विचारलं. मी ‘एक’ टाकलं. दोन मिनिटांत तिचा फोन आला. ती म्हणाली, "एकच ना, बाबा? असू दे. उद्यापासून परत सुरू करू."

"हाव, एकच," मी म्हणालो.

चौसष्ट दिवसांतली ही पहिलीच, असं ती धरून चाललीय आणि मी तिला तसं चालू दिलं. आणि आजच्या तीन होत्या, अप्पा.