ग्रिमशॉ फार वीज जाळतो

१ जानेवारी १९७२, शनिवार

नातीने ही डायरी दिली. म्हणे, रोज लिही आजी, डोकं शाबूत राहतं. डोकं शाबूत आहे, गुडघे गेलेत. गुडघ्यांची डायरी कोणी देत नाही.

तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि गिरणीत लागले, त्यामुळे लिहीन ते थोडक्यात. यंदा संकल्प एकच. वरच्या खोलीतला ग्रिमशॉ. तीन वर्षं राहतोय. बेकरीत रात्रपाळी, दिवसा झोप. आठवड्याचे पाच पौंड, दोन वेळचं खाणं धरून. वीज वेगळी. त्याच्या खोलीत मीटर आहे, शिलिंग टाकलं की उजेड, संपलं की काळोख. शिलिंगं पडतात त्या पेटीची किल्ली माझ्याकडे. दरही मीच लावलाय, जरा चढा. तरी मेला वीज जाळतो ती जाळतोच. यंदा त्याला वळण लावायचं.

मला काही भाडेकरूची गरज नाही. पण त्याच्या पाच पौंडांत घरमालकाचं भाडं भागतं. नाहीतर मुलगी ब्रेंडा टपलेलीच आहे, तिच्या बंगल्यातल्या अडगळीच्या खोलीत मला ठेवायला.

१० जानेवारी, सोमवार

कालपासून खाणकामगारांचा संप. आता वीज जाणार, असं ॲनीला सांगितलं. ॲनी म्हणजे शेजारीण, भिंतीला भिंत. ती म्हणाली, हिल्डा, पेपरात तसलं काही नाही. पेपरात माझ्या गुडघ्यांबद्दलही काही नसतं.

१५ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी ५

म्हटलं नव्हतं? पुढच्या खोलीत विजेची शेगडी लावून टीव्हीवर शनिवारची कुस्ती बघत होते. मुखवटेवाल्याने त्या जाड्याला उचललं, आता आपटणार, तेवढ्यात सगळं गप्प. शेगडीही गार. खाणकामगारांना चार शब्द ऐकवले.

मग वर ग्रिमशॉ उठला. त्याचं शिलिंग पडल्याचा खळ्ळ आवाज आला आणि नेमकी त्याच वेळी वीज आली. कामगारांना लाज वाटली असेल. जाड्या तोवर घरी गेला होता.

ॲनीकडे वीज गेलीच नव्हती. तिची तार दुसऱ्या खांबावरून येत असणार.

१७ जानेवारी, सोमवार

ग्रिमशॉ नाश्त्याला तोंड पाडून. म्हणतो, बाई, रात्री आठला शिलिंग टाकतो, नऊला कामावर जातो, सकाळी येतो तर काळोख. माझं शिलिंग खातं कोण? मी म्हटलं, दिवा चालू ठेवून जात असाल. म्हणतो, काल दिवा काढून खिशात घालून गेलो होतो. मी म्हटलं, मग उंदीर शेकत बसत असतील. हसला नाही. विनोद कळत नाही त्या माणसाला.

२३ जानेवारी, रविवार

आज म्हणतो, बाई, एकदा तारा बघून घ्यायला हव्यात. म्हणजे विल्फच्या कामाला नावं! विल्फ माझा दीर. गेल्या महिन्यात मीटर त्यानेच बसवलं, मटण-बटाट्याच्या रश्शावर, मजुरी न घेता. मुद्दाम बोलावून घेतला. म्हणाला, वहिनी, चाळीस वर्षं तारा ओढल्या, अजून कोणी मेलं नाही. रस्सा खाऊन गेला. वर चढला नाही. गरजच काय?

२९ जानेवारी, शनिवार

पेटी उघडली. एका महिन्याची एकसष्ट शिलिंगं! एकटा माणूस, दिवसभर घोरणारा. खोलीत गिरणीतला माग लावलाय की काय?

विजेचं बिल पेटीतल्या पैशांत भागेल, वर चहाचंही निघेल. म्हणजे माझा स्वतःचा खर्च जवळजवळ नाहीच. काटकसर अशी असते. ॲनीने शिकावी.

निर्णय घेतला. इतकी वीज जाळणाऱ्याने भाडंही जास्त द्यावं. अर्धा पौंड वाढ. कागदावर लिहून त्याच्या अंड्याखाली ठेवलं.

३० जानेवारी, रविवार

कागद परत आला. मागे लिहिलंय, नाही. एवढंच.

५ फेब्रुवारी, शनिवार

नाश्त्यातली बेकनची एक पट्टी कमी केली. बघू किती तग धरतो.

त्याने बेकरीतून पाव आणणं बंद केलं. आठवड्याला चार यायचे, फुकट. आज दुकानातून विकत आणला. कापसासारखा आहे. पण मी वाकायची नाही.

रोज रात्री टीव्ही मध्येच बंद पडतो. वेळेवर झोप होते, तेवढं बरं.

१२ फेब्रुवारी, शनिवार

आता अख्ख्या गावात पाळीपाळीने वीज जाते. ॲनी मेणबत्त्या शोधत आली. मी म्हटलं, मी महिन्याभरापासून सोसतेय, तुमची आत्ता कुठे सुरुवात.

ग्रिमशॉने आठवड्याची नोटीस दिली. घाबरवतोय मला. तीन वर्षं माझ्या हातचं खातोय, जाईल कुठे?

१९ फेब्रुवारी, शनिवार

ॲनीकडे.

२० फेब्रुवारी, रविवार

दोन पिशव्या आणि बूट घेऊन गेला. सोळा पावलं चालावी लागली असतील. ॲनी पाच पौंडच घेते आणि मीटर लावत नाही. म्हणाली, हिल्डा, राग नको मानूस, तू सोडलास म्हणून मी घेतला. मी म्हटलं, घे गं, वीज जाळून जाळून तुला भिकेला लावेल. तीन महिन्यांत ॲनी स्वतः हाताला धरून परत आणून सोडेल त्याला.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

पुढच्या खोलीत आठवडाभर वीज नाही. एकदाही नाही. स्वयंपाकघरात मात्र दिवा व्यवस्थित. टीव्हीलाच जास्त वीज लागते, म्हणून तेवढीच कापत असतील. शहाणी माणसं बसवलीत वर.

ब्रेंडाचं पत्र. अडगळ काढून खोली झाडून ठेवलीय. आई, घरभाडं थकायच्या आत ये. म्हणजे ॲनीने तिला कळवलं. दोन आठवडे पुरतील एवढे पैसे आहेत. दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली, खोली भाड्याने, शांत घर.

२८ फेब्रुवारी, सोमवार

संप मिटला. पुढच्या खोलीत अजून काळोख. आमच्या गल्लीला कोणी कळवलं नसेल.

१ मार्च, बुधवार

खोली बघायला एक जण आला. रेल्वेत आहे, नीटनेटका. वीज दाखवावी म्हणून मी मीटरमध्ये शिलिंग टाकलं. दिवा लागला. आणि खालून टीव्ही बोलायला लागला.

तो म्हणाला, खाली कोणी आहे वाटतं? मी म्हटलं, कोणी नाही. माझ्याकडे बघत बघत उतरला. कळवतो म्हणाला. कळवणार नाही.

पलंगावर बसून राहिले. शिलिंग संपलं. खालचा टीव्ही गप्प झाला.

चूक विल्फची.

४ मार्च, शनिवार

पेटीतली आणि डब्यातली शिलिंगं पिशवीत भरून ॲनीकडे गेले. ग्रिमशॉ जेवत होता. मी म्हटलं, विल्फने तारांचा घोळ घातलाय. तो म्हणाला, माहीत आहे बाई. मी म्हटलं, मग बोलायचं नाही का? म्हणाला, दोनदा बोललो. एकदा तुम्ही उंदीर काढलेत, एकदा दीर. पुढे म्हणाला, तसंही तुमची कुस्ती बंद पडली की तुम्ही इतक्या शिव्या द्यायचात की मला झोप लागायची नाही. म्हणून झोपेतून उठून शिलिंग टाकायचो. ते चाललं असतं. वर अर्धा पौंड मागितलात, ते नाही चाललं.

पैसे घेतले त्याने. मोजून. ॲनीने मला बेकरीचा पाव दिला, अर्धा.

खोली रिकामीच आहे, असं मी सहज म्हटलं. त्याने बटाटे घेतले.

एक शिलिंग मागे ठेवलं होतं. वर जाऊन टाकलं. खाली येईपर्यंत पहिला गडी पडला होता. मध्येच बंद. परत वर गेले, पेटी उघडली, तेच शिलिंग काढून तेच टाकलं. दर फारच चढा लावलाय. दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा उठले नाही. भिंतीपलीकडे ॲनीचा टीव्ही मोठ्याने चालू होता. ग्रिमशॉ ओरडत होता. कोण जिंकलं ते कळलं नाही.

स्वयंपाकघरात बसून ब्रेंडाला पत्र लिहिलं. बाकी काही नाही. त्या खोलीत मीटर आहे का, एवढंच विचारलं.