ॲसिड मेलं नाही

बाई, मी ती नववीतली, खिडकीकडच्या बाकावरची. हजेरीला तोंडाने काही न बोलता नुसता हात वर करायची ती. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. आत्ता मी पनवेलला, सरकारी दवाखान्याच्या जिन्यात बसलेय. वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या कामावरची एक मावशी ऑक्सिजनवर आहे, आणि ती तिथे माझ्यामुळे आहे. हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. चार वाजता आमचे मॅनेजर एक कागद घेऊन येणारेत. आता सव्वातीन झालेत. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, हे अक्षर बघून तुम्ही वही परतच दिली असती.

तो मिठाचा दिवस आठवतो का तुम्हाला? लॅब म्हणजे आपली जिन्याखालची खोली, एकच नळ, तोही गळका. तुम्ही काचेच्या भांड्यात पातळ ॲसिड घेतलं आणि ड्रॉपरने थेंब थेंब कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडत होतात. निळा लिटमस बुडवला की लाल व्हायचा. परत थेंब, परत लिटमस. शेवटी निळा निळाच राहिला आणि लालही लालच. तुम्ही म्हणालात, "बघा गं. वेगवेगळे असते तर दोघांनीही हात जाळला असता. एकत्र आले आणि दोघंही मेले. उरलं काय, तर मीठ आणि पाणी." मग चिनी मातीच्या बशीत ते पाणी आटवलंत आणि कडेला पांढरं धरायला लागलं. मी श्वास रोखून बघत होते. "जेवणातलंच मीठ आहे, पण लॅबमधलं काही चाखायचं नाही," असं सांगून तुम्ही बशी गार करायला ठेवलीत. मधल्या सुट्टीनंतर बघता तर मिठात बोट फिरवल्याची रेघ. कोणी कबूल होईना. माझ्या शेजारची सारखी बडबडायची, म्हणून तुम्हाला तीच वाटली. "मी नाही बाई, आईशप्पथ," ती म्हणत राहिली. तुम्ही तिला दोन तास वर्गाबाहेर उभं केलंत. जाताना ती मला म्हणाली, "तू तरी सांग ना, तू इथेच होतीस." मी वही उघडून बसले.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. लोक बघायला लागले की घसा बंदच व्हायचा. बाकीच्या बाई दुसरीला विचारायच्या. तुम्ही टेबलावर हात ठेवून म्हणायचात, "मी थांबते. तू सावकाश सांग." आणि खरंच थांबायचात. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही वारलात. तुमच्या जागी सर आले, त्यांनी मला उभं राहून धडा वाचायला लावलं. मी पहिल्या शब्दालाच अडकले, वर्ग हसला, सरही हसले. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले, मग आठवडा झाला, मग नाव कमी झालं. घरी कोणी फार विचारलं नाही.

गेल्या वर्षी रोडपालीच्या बाजूला एका लग्नाच्या हॉलमध्ये साफसफाईला लागले. तिथे ही मावशी, आमच्या कोन गावचीच. तिचं तोंड दिवसभर चालू, माझं बंद, म्हणून जोडी जमली. एकदा संडासात ॲसिड ओतताना मी तिला तुमच्या बशीतल्या मिठाचं सांगितलं. ती पोट धरून हसली. "ॲसिडातून मीठ? मंग आमच्या सासऱ्यानी मिठागरावर पाठ कशाला जाळली गो? तुज्या बाईंना बोलवायचा ना." तेव्हापासून सगळ्यांना सांगायची, आमची पोर शिकलेली हाय, ॲसिडाचं मीठ करते.

नऊ दिवसांपूर्वी, सकाळी, लग्नाची माणसं यायच्या आधी, आतल्या बायकांच्या संडासात तिच्या हातून ॲसिडचा कॅन निसटला. त्याला झाकणही धड नव्हतं. तिथे खिडकी नाही. ॲसिड फरशीवरून फसफसत दाराकडे यायला लागलं आणि मावशी कोपऱ्यात अडकली. "आता काय करू गो?" आणि बाई, मी बोलले. न अडकता बोलले. "मावशी, ब्लिचिंग टाका त्याच्यावर. चुन्याचं असतं ते. ॲसिड मरेल." ब्लिचिंग पावडरची पिशवी तिच्या बाजूलाच होती. घाबरली होती तरी हसली ती. "बघ, बोलली एकदाची," म्हणाली आणि अर्धी पिशवी ओतली. मी पाण्याची बादली आणायला वळले, मोजून दहा पावलं. परत आले तर आत हिरवट पिवळा धूर आणि मावशी गुडघ्यावर, पदर तोंडात. खोकायलाही हवा नव्हती तिच्याकडे. सिक्युरिटीवाल्याने तिला ओढत बाहेर काढलं.

आधी तीन दिवस मी तुमच्यावरच चिडले होते. मग शेजारच्या मुलाचं नववीचं पुस्तक मागून आणलं. तुमचा धडा बरोबर होता. ब्लिचिंग पावडर पुढे होती, बऱ्याच पानांनी पुढे. चुना असतो तिच्यात, पण क्लोरीनही असतो आणि ॲसिड लागलं की तो विषारी वायू बाहेर पडतो, असं छापलंय. मी तिथपर्यंत पोचलेच नाही. अर्धं शिकले आणि तेवढ्याच जोरावर एका बाईला सांगितलं, टाक.

मॅनेजरच्या कागदावर लिहिलंय की मावशीने कोणाला न विचारता स्वतःच्या मनाने दोन्ही मिसळलं. ती अंगठा देणार आणि साक्षीदार म्हणून माझी सही. मग हॉलची जबाबदारी संपली, मावशीचं कामही संपलं. काल मॅनेजर म्हणाले, "तुला काही बोलायचं नाहीये. फक्त सही. तुझ्यासाठी बरंच आहे ना?" आणि मला तेवढा एक क्षण खरंच बरं वाटलं. त्याचीच लाज वाटतेय. मावशीची सून तिला रोज ऐकवते, "अडाणी ते अडाणीच. डोकं नको का चालवायला?" मावशी ऐकून घेते. काल सून चहाला गेली तेव्हा तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला. एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "तुजा नाव कुनाला सांगू नको. तू आधीच बोलत नाय. मंग तर बंदच होशील."

कालपासून मला तेच ऐकू येतंय. बाई, तुम्ही असता तर मी तुमच्याकडे पळत आले असते. दुसरं कोणी नाही मला. कोणीच थांबत नाही.

पावणेचार झाले. आधी वाटलं होतं, हा मी लिहिलेला कागदच मॅनेजरच्या हातात द्यावा. मग बोलावं लागणार नाही. पण तसं केलं तर ते घडी घालून खिशात टाकतील आणि सुनेला काही कळणारच नाही. म्हणून हा पिशवीच्या तळाशी, डब्याखाली ठेवणार आहे. हाताशी असला तर मी तोच पुढे करेन, मला माहितीये.

वर जाऊन सुनेसमोर सांगायच्या आधी मोठ्याने बोलून बघायचं होतं, आवाज फुटतो का. समोर फक्त वॉचमन होता. दोनदा नुसतीच हवा आली, तिसऱ्यांदा फुटला. त्याने मान वर करून बघितलं तरी मी वाक्य पुरं केलं. तुम्हाला ऐकू आलं नसेल म्हणून लिहिते. बाई, बशीत बोट मी घातलं होतं. माझ्या शेजारच्या मुलीने नाही. खारटच होतं.