सोन्याची टोपी

॥ श्री ॥
गोंदिया, ता. १० जानेवारी १९३७

ती. स्व. उमरावदादांचे सेवेशी, धाकट्या ईश्वरदासचा सा. न. वि. वि.

मायला आणि सौ. वहिनींना आमचे नमस्कार सांगावे. इकडे सर्वांची प्रकृती चांगली, फक्त माझी उजवीकडची दाढ सोडून. आपण पाठवलेल्या चिन्नोर तांदळाच्या भातात खडा निघाला आणि तिचा एक कोपरा उडाला. दोष तांदळाला देत नाही. मी जेवताना मुलांचे निबंध वाचत होतो.

स्टेशनाजवळ कलकत्त्याहून आलेले एक बंगाली दातांचे डॉक्टर बसतात. त्यांनी मला आरशात माझी दाढ दाखवली. इतकी वर्षे जिच्यावर जेवलो ती मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती माझी आहे हे मला लवकर पटेना. डॉक्टर म्हणाले, एक तर ती उपटावी, नाही तर तिच्यावर सोन्याची टोपी बसवावी. इंग्रजीत ह्याला मुकुट म्हणतात, पण ते हिंदीत टोपीच म्हणतात. टोपी नीट बसावी म्हणून दाढ आधी चारी बाजूंनी घासून बारीक करतात. म्हणजे जी वाचवायची तीच आधी कमी करायची. घासल्यावर विचार बदलला तर काय, असे मी विचारले. ते हसले आणि म्हणाले की हे आजवर कोणी विचारले नव्हते. मग म्हणाले, काही नाही.

तेव्हापासून माझे ठरत नाही. मुळे चांगली असताना केवळ कोपरा उडाला म्हणून दाढ काढणे अन्यायाचे वाटते. टोपी घातली तर मास्तरांच्या तोंडात सोने चमकते असे मुले म्हणतील. मला मुलांची भीती नाही. ते चमकणे मला आवडू लागेल की काय, ही आहे. सौ. पुष्पा म्हणते, एवढा विचार तुम्ही लग्नाच्या वेळीही केला नव्हता, आणि ते खरे आहे. सोने चोख आणि घरचेच आणावे असे डॉक्टर सांगतात. माझी आंगठी आहे. आपले मत कळवावे.

आपला लोभ आजवर न मागता मिळत आला, पुढेही तसाच मिळावा.

आपला
ईश्वरदास


॥ श्री ॥
मु. चोरखमारा, ता. १७ जानेवारी १९३७

चि. ईश्वरदास यास उमरावचे अनेक आशीर्वाद. पत्र पावले.

आपल्या चिन्नोरमध्ये खडा निघत नाही. तुझी वहिनी सूप आपटून सांगून राहिली का, खडा गोंदियाचा असेल. तू इतका विचार करतो का तोंडातच दगड तयार होत असेल, असेही तिचे म्हणणे आहे. शेतात लाखोळी यंदा चांगली फुलली आहे.

टोपीचे विचारशील तर तो बंगाली तुझ्या दाढेला नाही, तुलाच टोपी घालून राहिला. दुसरे असे का, आपल्यात सोने माणसाच्या तोंडात एकदाच जाते, शेवटच्या घटकेला, गंगाजल आणि तुळशीच्या पानासंगे. तुला इतकी घाई काऊन? हे थट्टेने लिहिले आहे, पण अर्धेच.

माझी चूक अशी झाली का मी तुझे पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले. माय डाळ निवडत होती. तिने सगळे ऐकले. दुसऱ्या सकाळी आंघोळ करून तिने पेटी उघडली आणि फडक्यातला सोन्याचा मणी माझ्या हातावर ठेवला. तुला माहीत आहे कोणता. तिच्या शेवटच्या वेळेसाठी गंगाजलाच्या लोटीजवळ ठेवलेला. म्हणे, हा ईश्वरच्या दाढेला पाठव. मी म्हणालो का माय, हा तुझ्या तोंडचा आहे. ती म्हणाली, मग तोंडचाच देऊन राहिली ना, दुसऱ्याचा थोडीच देऊन राहिली.

मी हो म्हटले नाही, नाही पण म्हटले नाही. मणी माझ्या कोटाच्या खिशात आहे आणि मला शेताच्या धुऱ्यावरून चालतानाही त्याचीच धास्ती. काय करू ते लवकर लिही.

जेवताना वाचत जाऊ नको. आमची माया तुझ्यावर आहेच, तिला घासून बारीक करावे लागत नाही.

तुझा दादा
उमराव


॥ श्री ॥
गोंदिया, ता. २२ जानेवारी १९३७

ती. स्व. दादांचे चरणी ईश्वरदासचा सा. न. वि. वि.

आपले पत्र मी दोनदा वाचले. मणी पेटीत परत ठेवावा, ही हात जोडून विनंती.

माझे मलाच कळत नाही असे झाले आहे. मेलेल्या माणसाला सोन्याने काही मिळते असे मी मानत नाही. कॉलेजात असताना ह्यावर तावातावाने बोललोही होतो, आपल्याला आठवत असेल. मग मणी म्हणजे नुसता मणी, तो घेतला तर काय बिघडले? पण हात पुढे होत नाही. मी मानत नाही, पण माय मानते, आणि जे ती मानते तेच मी चावायला वापरायचे? प्रत्येक घासाला मला तिची शेवटची घटका आठवेल. म्हणून मी दाढ उपटूनच टाकायची ठरवली आहे. दाढच नसली म्हणजे टोपी नको आणि मणीही नको. डॉक्टरांना तसे सांगून आलो. ते म्हणाले, चांगल्या मुळांची दाढ आहे, आठवडाभर थांबा.

तोवर एक समजून घ्यायचे आहे. मायने हे का केले? आमच्याकडे सोने नाही असे तिला वाटले का? तसे असेल तर आंगठीचे सांगावे. की दुसरे काही आहे? तिला विचारावे, पण मी रागावलो आहे असे वाटू देऊ नये. मी रागावलेलो नाही. मला फक्त कळत नाही.

माझ्या या घोळाबद्दल हसावे, पण दूर करू नये.

आपला
ईश्वरदास


॥ श्री ॥
मु. चोरखमारा, ता. २८ जानेवारी १९३७

चि. ईश्वरदास यास अनेक आशीर्वाद.

मायला विचारले. आधी तर दाढ उपटायचे ऐकून ती माझ्यावरच खवळली, जशी काय पक्कड माझ्या हातात होती. मग बसली आणि सांगितले.

बाबा मानमोडीच्या साथीच्या साली बैल पाहायला रायपूरकडे गेले आणि परत येताना कोण्या स्टेशनावर वारले, हे तुला ठाऊक आहे. परक्या लोकांनी अग्नी दिला आणि आपल्याकडे फक्त गाठोडे आले. त्यांच्या तोंडात सोने पडले नाही, हे मायच्या मनातून कधी गेलेच नाही. तो मणी तिने त्यानंतर करून घेतला. हे मलाही आताच कळले.

आता तुझे. ती म्हणते, उमराव घरी आहे, पण ईश्वरची नोकरी आज बालाघाट, उद्या वर्धा, आता गोंदिया. कुठे काय होईल कोणाला माहीत, जवळ कोण असेल? दाढेत सोने असले का घोर मिटला. मग अग्नी परक्याने दिला तरी चालते.

मी समजावले का दाढेचे सोने जेवण्यासाठी असते, त्यासाठी नाही. तिने विचारले, माणूस गेला का ते आपोआप निघून जाते का? मी म्हणालो, नाही. म्हणे, मग झाले.

मी म्हणालो, मला पण बसवून दे एक. तर म्हणे, तुले कायले? तू तर इथंच मरशील. तुझी वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली.

शेवटी विचारले का, तुझ्या तोंडात मग मी काय घालू? ती म्हणाली, मणी नसला तरी चालेल, ईश्वर यावा, त्याच्या हातचे पाणी पुरे.

शेजारचा बकाराम बाजाराला गोंदियाला जाऊन राहिला, त्याच्याजवळ मणी देतो. नको असेल तर तूच येऊन मायला तोंडावर सांग. मी सांगणार नाही.

आमच्या जिवाला जसा आहेस तसाच राहा.

तुझा दादा
उमराव


॥ श्री ॥
गोंदिया, ता. १२ फेब्रुवारी १९३७

ती. स्व. दादांचे सेवेशी ईश्वरदासचा सा. न. वि. वि.

टोपी बसली. मणी एकटा पुरला नाही, म्हणून आंगठीतले थोडे सोने त्यात वितळवले. डॉक्टरांनी माझ्यासमोर त्याचा पत्रा केला, मेणावर घेतलेल्या दाढेच्या ठशावरून त्याची वाटी घडवली आणि सिमेंट लावून बसवली. मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी माझ्या तोंडात कापूस जास्तच घातला असावा. जीभ सारखी तिथेच जाते. दाढ गुळगुळीत लागते आणि थंड पाण्याने आधी तीच थंड होते. हसल्याशिवाय दिसत नाही. सौ. पुष्पा म्हणते, म्हणजे कोणालाच दिसणार नाही.

मायची समजूत कशी काढावी यासाठी मी चार वाक्ये मनात जुळवली होती. ती वाक्ये आता सांगणार नाही. मायचे चुकते असे मला वाटते, आणि स्टेशनावरून घरी येताना मला तिच्या चुकीचा आधारही वाटला. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, ते मला अजून उलगडलेले नाही.

माझ्या हातच्या पाण्याचे मात्र मी तिला स्वतः सांगेन. शनिवारी शाळा सुटल्यावर तिरोड्याला उतरतो, बैलबंडी पाठवावी. आठ दिवस ह्या दाढेला हात लावू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. माय बोट घालून ती हलवून पाहिल्याशिवाय राहणार नाही, हे मला माहीत आहे. तिला कोणी अडवू नये.

आपली सर्वांची माया अशीच मिळत राहो.

आपला
ईश्वरदास