अर्धी पियाली

प्रिय ताझागुल,

आईच्या खाटेजवळची खिडकी नीट लागते का? तुमच्या नुकूस शहराची धूळ खारट, तिला खोकला होईल. तू वेळेवर जेवतेस का? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नाहीस आणि मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावत नाही. सात इयत्ता शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

मागच्या आठवड्यात तू आलीस आणि आईला आता या घरी पाठवणार नाही म्हणालीस. रक्त धुण्याचं मशीन तालुक्याच्या दवाखान्यातही आहे, आठवड्यातून तीनदा तिला नेता येईल, हे तुला मान्य आहे. तरी नाही. कारण तुझी वहिनी. "मापून पाणी द्यायला सांगितलं होतं, आणि सरबिनाझने तिच्या फुप्फुसात पाणी होईपर्यंत पाजलं," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. सरबिनाझ तंदूरमध्ये नान थापत होती. तिने मान वर केली नाही. आणि तिकडे आई मला रोज फोनवर विचारते, "काय हो, माझी तुती पिकली, की सगळी पाखरांनाच वाढलीत?" तिला घरी यायचंय.

तू प्रयोगशाळेत लागलीस त्या वर्षी सूक्ष्मदर्शकातून मूत्रपिंडाचा काप दाखवला होतास, आठवतं? मला आधी माझी पापणीच दिसली. मग एक गुलाबी गुंता दिसला, वाटीत ठेवलेल्या लोकरीच्या गोळ्यासारखा. एका मूत्रपिंडात अशा दहा लाख वाट्या, तू सांगितलंस. रक्त आत येतं ती नळी रुंद, बाहेर जाते ती अरुंद, त्यामुळे मधे दाब चढतो. पाणी, मीठ, साखर, मळ सगळं बारीक जाळीतून वाटीत झिरपतं आणि तांबड्या पेशी रक्तातच राहतात. एकतीस वर्षं मी कालव्याचा पाटकरी, रुंद तोंड आणि अरुंद तोंड मला समजावायला नको. नवल वाटलं ते पुढचं. वाटीतून निघालेली लांब नळी साखर, हवं तेवढं मीठ आणि जवळजवळ सगळं पाणी रक्ताला परत देते. दिवसाला दीडशेवर लिटर गाळायचं आणि टाकायचं फक्त दीड-दोन लिटर. हा पाटकरी वेडाच दिसतो, आधी सगळं सोडतो आणि मग माघारी बोलावतो, असं मी म्हणालो. तू हसलीस. "वेडा नाही, बाबा. काय टाकायचं ते निवडत बसण्यापेक्षा काय हवं ते उचलणं सोपं."

ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं, पण अर्धंच. आपल्या शेतांना मीठ फुटतं तेव्हा आपण थंडीत पाणी कोंडून ती धुतो. पाणी मीठ घेऊन खाली उतरतं, निचऱ्याच्या चरातून निघून जातं. आईचे पाय सुजले, तेव्हा मला वाटलं, मीठ साचलंय.

तू गेल्यावर माझ्या हाताखाली शिकलेला कुत्लीमुरात आला होता. त्याच्याजवळ मन मोकळं केलं. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "चर बुजलेला असताना शेतात पाणी सोडायचं नाही, वरून आणखी मीठ फुटतं, हे मला चारचौघांत शिव्या घालून कोणी शिकवलं रे?" मीच शिकवलं होतं. आईच्या वाट्या बुजल्या होत्या, ताझागुल. निचराच नव्हता.

आईला पाणी मी पाजलं. सरबिनाझ मापून द्यायची आणि तिची पाठ वळली की मी पियाली भरायचो. आईला दवाखान्यात न्यावं लागलं त्या दिवशी सरबिनाझने ते पाहिलं. पण आपल्याकडे सून सासऱ्याविरुद्ध बोलत नाही, आणि तू तिला बोललीस तेव्हा मी त्या रिवाजाआड लपून बसलो. काल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी आईंना घरी आणा." शुक्रवारच्या पहिल्या गाडीने येतोय, तुझ्यासमोर उभा राहायला. पाहुण्याची पियाली अर्धीच भरायची, म्हणजे पुन्हा भरता येते, ही आपली रीत. आईला आता दिवसाला सहा अर्ध्या पियाल्या, त्यात शोरबाही आला. फळीवर मेंढीच्या घोट्याची सहा हाडं मांडलीत. एक पियाली झाली की एक हाड पलीकडे. सात दिवस मी स्वतः तेवढ्यावरच आहे, या उन्हात. तू ओरडशील, ओरड. जीभ टाळूला चिकटते. चार वाजता पाचवं हाड हलतं आणि मग सहाव्याकडे मी बघत बसतो. पण जमतं. ती घरी आली की तिच्यासमोर बसून तिच्याइतकंच पिईन, म्हणजे माझा हात पुन्हा किटलीकडे जाणार नाही. मला काय बोलायचं ते बोल. आईला घरी दे.

तुझाच,
बाबा

खिडकीचं मात्र आजच बघ.