देवयानीतला धूसर ठिपका

शहापूर, बेळगाव
ता. १८ डिसेंबर १९३६

चि. मालूस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी खुशाली दोन वर्षांत कळली नाही. विचारायला मीच कचरलो.

थंडी लई पडली आहे. तुझ्या आईचा गुडघा जरा बरा, तिनं माग पुन्हा सुरू केला. लग्नसराईमुळे माझ्या फोटोच्या दुकानात गर्दी आहे.

मुख्य बातमी ही की, देवयानी नक्षत्रातल्या त्या धूसर ठिपक्याचा फोटो मी काढला. लहानपणी परसात उभी राहून तू विचारायचीस, ते काय आहे म्हणून. मी हसून टाळायचो.

तो ढग नाही, मालू. हायस्कुलातल्या आण्णाप्पा मास्तरांनी मला समजावलं. आपल्या आकाशगंगेसारखीच ती दुसरी आकाशगंगा आहे, कोट्यवधी सूर्यांची. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला नऊ लाख वर्षं लागतात म्हणे.

फोटोच्या पहिल्या तिन्ही काचा वाया गेल्या. आकाश सरकतं, तसा कॅमेराही फिरवावा लागतो. त्याला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीत एक चांदणी आडव्या-उभ्या धाग्यांच्या फुलीवर धरायची आणि दीड तास स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं. माझा हात आता कापतो. चौथ्या खेपेस आई म्हणाली, "सरा तिकडं. जन्मभर धागाच सांभाळलाय मी." अमावास्येला दिवेलागणीनंतर कंग्राळीच्या माळावर ती घोंगडं पांघरून बसली. चांदणी फुलीवरून हलली नाही.

घरी येऊन काच औषधात धुतली. मधे उजळ गाभा, भोवती तिरपी, लांबट चकती. मी आनंदानं बडबडत सुटलो. आई काचेकडे बघत म्हणाली, "मालूनं इचारलंतं, तवा तुमी काय केलं?"

काय केलं, ते तुला ठाऊक आहे. पोरीला प्रश्न फार पडतात म्हणून चौथीतून शाळा सोडवली, तेराव्या वर्षी निपाणीला दिली. जावई वारले, तरी तुला आणायला आलो नाही. लोक काय म्हणतील, एवढंच बघितलं. चुकलो मी.

आण्णाप्पा मास्तर तुला शिकवायला तयार आहेत. मराठी सातवीची परीक्षा पास झालीस की ट्रेनिंग घेऊन मास्तरीण होता येतं. तुझे सासरे मारुतीराव यांना मी विचारलं होतं. काल त्यांचं उत्तर आलं : "पोरगी हुशार हाय. घेऊन जावा."

बुधवारच्या मोटारीनं मी निपाणीला येतो. यायचं की नाही, हे तू ठरव. या खेपेस मी काही ठरवणार नाही.

पुन्हा बाप म्हणशील, ही आशा धरून असलेला,
केदारी